एकसारखी दोन नाणी

मंडळात त्याला सगळे कवळीवाला म्हणत आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. तो कवळ्याच करायचा. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवत, त्यावरून हा घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत दात, कॅप, कवळ्या घडवी आणि डबीत घालून परत धाडी. शहरातली बरीच म्हातारी मंडळी त्याच्या दातांनी जेवत होती, पण त्यांतल्या फारच थोड्यांना त्याने कधी पाहिलं होतं.

नाण्यांचा नाद त्याला चाळिशीनंतर लागला. वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा नाणीवाल्यांचं मंडळ भरायचं, तिथे तो सहज म्हणून गेला आणि अडकला. नवखा माणूस करतो तेच त्यानेही केलं. दिसेल ते घेत सुटला. मंडळात सर्वांत वडीलधारे मोजणीकाका. जमिनी मोजण्याच्या खात्यात उभा जन्म काढलेला माणूस, काठीसारखा उंच आणि बोलायला फटकळ. त्यांनी एकदा याचा ट्रे पाहिला.

"हा संग्रह आहे की भंगारवाल्याची गाडी?"

"का हो काका?"

"अरे, राजांच्या मागे लागलास तर राजे संपत नाहीत, खिसा संपतो. त्यापेक्षा एक गाव धर. त्या गावच्या टाकसाळीत जे पडलं तेवढंच घ्यायचं. बाकी सोन्याचं असलं तरी मान वर करून बघायचं नाही."

"कुठलं गाव धरू?"

"माझंच धर. अँटिऑक. मला भांडायला कोणीतरी हवंच आहे."

त्याने ते गाव धरलं, आणि पुढची पंधराएक वर्षं दोघं मनसोक्त भांडले. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात अँटिऑक हे पूर्वेकडचं मोठं शहर होतं. तिथे निघालेल्या तांब्याच्या नाण्यांवर तळाशी शहराच्या नावाची अक्षरं असत. नाणं नखाएवढं आणि अक्षरं मुंगीएवढी. पुढे सहाव्या शतकात भूकंपांनी शहर पार मोडलं, तेव्हा त्याचं नाव बदलून 'देवाची नगरी' ठेवण्यात आलं, आणि नाण्यांवरही नवं नाव आलं. काकांना ही गोष्ट फार आवडे. एवढं सगळं कोसळल्यावरही कोणीतरी टाकसाळीची भट्टी पेटवली आणि नव्या नावाचे ठसे कोरायला बसलं, याचं त्यांना कौतुक होतं.

या नव्या नावाचं एक नाणं मात्र दोघांकडेही नव्हतं. सम्राट सिंहासनावर समोर तोंड करून बसलेला, हातात लांब राजदंड. मंडळात त्याला नुसतं 'सिंहासन' म्हणत. झिजून गुळगुळीत झालेली मिळत. पण राजाचा चेहरा आणि शहराचं नाव दोन्ही वाचता येईल असं सिंहासन मंडळात एकदाच आलं. परगावचे एक डॉक्टर ते घेऊन आले होते. काकांनी ते बराच वेळ हातात धरून ठेवलं, मग परत दिलं आणि सभा संपायच्या आधीच घरी गेले. कवळीवाल्याने डॉक्टरांना चहाला घरी नेलं आणि हळूच विचारलं, याचा एक ठसा घेऊ का?

"घ्या की," डॉक्टर म्हणाले. "याला काही दुखणार नाही."

दाताचा घेतात तसाच त्याने नाण्याचा ठसा घेतला, आणि काही दिवसांनी त्यावरून ब्राँझमध्ये नाणं ओतलं. विकायचा विचार त्याच्या स्वप्नातही नव्हता. ट्रेमधला तो रिकामा खळगा त्याला पडलेल्या दातासारखा सलत होता, एवढंच. पण काम हातात घेतल्यावर कारागिराचा हात थांबेना. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून खोटी नाणी बहुधा खऱ्यापेक्षा जराशी बारकी निघतात. दाताची कॅप मात्र केसभर लहान झाली तरी बसत नाही. त्यामुळे त्याच्या धंद्यात साच्याची भुकटीच अशी वापरतात, की ती तापल्यावर नेमकी तेवढी फुगते. नाणं जसंच्या तसं निघालं. मग त्याने त्यावर औषधं लावून लावून जुना हिरवट काळा रंगही चढवला.

बायकोने ते हातात घेऊन पाहिलं. "अहो, कडेला काहीतरी खूण करून ठेवा."

"माझ्याच ट्रेमध्ये तर राहणार आहे. कोण बघायला येतंय?"

खरंच कोणी आलं नाही. पुढे ते डॉक्टर वारले आणि त्यांच्या मुलांनी सगळा संग्रह लिलावात काढला. त्यातलं सिंहासन कोणी नेलं ते कोणालाच कळलं नाही.

मंडळ दर वर्षी एका सभागृहात नाण्यांचा मेळा भरवायचं. त्या वर्षी मेळ्याच्या दोन दिवस आधी कवळीवाल्याची पाठ धरली. खोलीत खाली पडलेला कवळीचा एक दात उचलायला तो वाकला आणि तसाच राहिला. हाडांच्या डॉक्टरांनी जमिनीवर चटई टाकून झोपायला सांगितलं. मेळ्यातलं टेबल तर आधीच घेतलेलं होतं. तेव्हा बायकोने आपल्या धाकट्या भावाला बोलावलं. हा मेव्हणा गाद्या विकायचा. झोपलेल्या माणसालाही उठवून नवी गादी देईल असा. कवळीवाल्याने त्याला पडल्या पडल्या सांगितलं, खालच्या खणातला ट्रे ने, त्यात जास्तीची नाणी आहेत, आणि किमती चिठ्ठ्यांवर लिहिल्या आहेत.

संध्याकाळी मेव्हणा आला तो शीळ घालतच.

"भावोजी, आज असं एक नाणं विकलंय की तुम्ही पाठदुखी विसराल!"

"कुठलं?"

"वरच्या खणातलं. तो ट्रेपण नेला होता ना मी. दुकानात दर्शनी गादी ठेवतो तसा मांडून ठेवला, माणसं थांबावीत म्हणून. विकणार काही नव्हतो. पण एक आजोबा त्यातल्या एकावर नजर लावून उभेच राहिले. बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर तुम्ही कितीला घेतलं ते होतं, याच्या चिठ्ठीवर नुसतं 'सिंहासन'. म्हटलं, ज्याची किंमतच लिहिलेली नाही ते सगळ्यात भारी असणार."

कवळीवाल्याने उठायचा प्रयत्न केला आणि ओरडून परत आडवा झाला. "कोण आजोबा?"

"उंच होते. अगदी काठीसारखे. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला, तर घासाघीससुद्धा केली नाही. मलाच कसंतरी झालं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक भांडलं नाही तर जेवण गोड लागत नाही."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने सगळं सांगितलं, तसा मेव्हणा चटईच्या कडेला मटकन बसला.

"आता कोणाला बोलणार?" कवळीवाला छताकडे बघत म्हणाला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

मेव्हण्याचं मत पडलं की गप्प बसावं. आजोबा खूश आहेत, नाणं दिसायला तसंच आहे, म्हाताऱ्या माणसाचा आनंद कशाला हिरावून घ्यायचा? बायको म्हणाली, उद्याच्या उद्या फोन करा. कवळीवाल्याला ही गोष्ट फोनवर सांगवेना. उठता येईल तेव्हा जाऊन सांगू, असं तो स्वतःशी म्हणत राहिला. तेवढ्यात मंडळाच्या चिटणिसाचाच फोन आला. काकांना सिंहासन मिळालं, ते पुढच्या सभेत दाखवणार, आणि त्यांनी सगळा संग्रह शहराच्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलंय. सिंहासन अगदी मधोमध ठेवणार म्हणतात. "तुझ्याच टेबलावरून घेतलं म्हणे. मन मोठं आहे रे तुझं!"

दुसऱ्या दिवशी तो कमरेला पट्टा आवळून, पैसे खिशात घालून काकांकडे गेला. दार काकांच्या सुनेने उघडलं. आत खिडकीपाशी टेबलावर काळा कागद पसरलेला, त्यावर ते नाणं, आणि शेजारी काका भिंग घेऊन बसलेले.

"ये, ये. तुला तोंड दाखवायला जागा आहे का? इतकी वर्षं लपवून ठेवलंस!"

"काका, ते नाणं मी केलंय."

"म्हणजे?"

"माझ्या भट्टीत ओतलंय. खरं नाही ते. मेव्हण्याला माहीत नव्हतं."

काका आधी हसले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"भाव कमी आला असं वाटतंय का? तसं असेल तर सांग."

"नाही हो काका. डॉक्टर आले होते ना, तेव्हा मी त्याचा ठसा घेतला होता."

"डॉक्टरांचंच नाणं आहे हे, ते मला सांगायला नको. मी हातात घेतलं होतं. ही कडेची भेग, हा राजाच्या गुडघ्यावरचा खळगा. ते लिलावात गेलं तेव्हा तू घेतलंस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. मोह कोणाला सुटलाय? आता मेव्हण्याने चुकून विकलं, तर सरळ परत माग ना. ही असली कहाणी कशाला?"

"कहाणी नाही. मी पैसे परत आणलेत, हे बघा."

"तेच म्हणतोय मी. पैसे टाकून नाणं न्यायला आला आहात तुम्ही."

इतक्या वर्षांत काका पहिल्यांदाच त्याला 'तुम्ही' म्हणाले होते. सुनेने आणलेला चहा तसाच राहिला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना. चोरी कबूल करायला गेलेला माणूस लोभी ठरून परत आला होता.

"हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला. "इतकं चांगलं करायलाच नको होतं."

"साचा आहे ना अजून?"

"आहे."

"मग त्यांच्यासमोर दुसरं करून दाखवा. त्याशिवाय त्यांना पटायचं नाही."

काका यायला तयार झाले, पण एका अटीवर. "माझं नाणं माझ्या खिशातून बाहेर येणार नाही. मला वाटेल तेव्हाच येईल."

मेव्हणा त्यांना गाडीतून सकाळीच घेऊन आला. काका कामाच्या खोलीत उंच स्टुलावर हाताची घडी घालून बसले. समोर फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर मेणाचे तुकडे, कोपऱ्यात भट्टी. कवळीवाल्याने सिलिकॉनच्या साच्यात पातळ मेण ओतलं, निवल्यावर मेणाचं नाणं बाहेर काढलं, त्याला शेपटीसारखी एक मेणाची काडी जोडली आणि ते भुकटीच्या लगद्यात बुडवून घट्ट होऊ दिलं. मग भट्टीत. मेण जळून जातं आणि आत नाण्याच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात धातू ओतायचा.

भट्टी तापायला वेळ लागतो. पहिला काही वेळ काका नुसते बसून होते. मग त्यांना राहवेना.

"म्हणजे धातू आकसणार, हे आधीच धरून चालायचं?"

"हो. तेवढा साचा फुगवायचा."

"आमची मोजायची साखळी उन्हात लांबायची. दुपारच्या मापातून तेवढं वजा करावं लागे. नवीन पोरं विसरायची आणि बांधावर डोकी फुटायची." काका स्टुलावरून उतरून भट्टीच्या तोंडाशी आले. "किती तापलीय आता?"

त्यांनी सगळं विचारून घेतलं. जेवायची वेळ झाली तेव्हा बायकोने ताटं खालीच आणली, आणि आपण भांडायला आलोय हे काका जवळजवळ विसरून गेले. मेव्हण्याने तेवढ्यात त्यांना त्यांच्या कमरेला कुठली गादी चांगली ते सांगून घेतलं.

दुपारी धातू ओतून झाला. साचा पाण्यात टाकला, तो चर्र करून फुटला. कवळीवाल्याने उरलेली भुकटी ब्रशने घासून काढली, शेपटी कापली आणि नाणं काकांच्या पुढ्यात ठेवलं. पिवळंधमक, नवं कोरं. काकांनी खिशात हात घातला, कागदाची घडी काढली आणि आपलं नाणं त्याच्याशेजारी ठेवलं.

रंग सोडला तर दोन्ही एक होती. तीच भेग, तोच गुडघ्यावरचा खळगा, कडेचा तोच किंचित चेपलेला भाग. हातोड्याने ठोकून पाडलेली दोन नाणी अशी जुळी कधीच नसतात. ठसा एकच असला तरी कड निराळी, भेग निराळी, झीज निराळी. मंडळात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला हे काकाच शिकवत आले होते.

काकांनी दोन्ही नाणी उलटसुलट करून पाहिली. दिव्याखाली धरून पाहिली. मग डोळे मिटून बोटांनी चाचपली.

"पाणी दे जरा," ते म्हणाले.

पाणी पिऊन त्यांनी दोन्ही नाणी खाली ठेवली. "माझ्या बोटांना कळलं नाही रे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं हाताळतोय."

कवळीवाल्याने पैशांचं पाकीट पुढे केलं. त्यांनी ते न मोजता खिशात घातलं, नाणी तिथेच सोडली आणि दाराकडे निघाले. गाडीत मेव्हणा म्हणाला, "काका, चूक माझी आहे." काका म्हणाले, "तुझी नाही. तू आपला गाद्या वीक."

कवळीवाल्याने त्याच दिवशी साचा कात्रीने कापून टाकला आणि दोन्ही नाणी वितळवली. पुढच्या सभेत उभं राहून त्याने सगळ्यांना काय घडलं ते सांगितलं. सभा संपल्यावर एक सभासद जवळ येऊन कानात म्हणाला, "मला एक करून द्याल का?" चिटणिसाने त्याला तिथल्या तिथे झापलं. काका सभेला आले नव्हते. त्याच्या पुढच्या सभेलाही आले नाहीत.

मग एके दिवशी काकांच्या सुनेचा फोन आला.

"तुम्ही जरा घरी याल का? बाबा सगळे ट्रे काढून बसलेत. एकेक नाणं बघतात आणि बाजूला टाकतात. म्हणतात, एक ओळखता आलं नाही, तर बाकीची खरी कशावरून? संग्रहालयालाही देत नाही म्हणून कळवून टाकलं. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत."

कवळीवाल्याला वाटलं होतं, पैसे परत केले, चारचौघांत कबूल केलं, आता काकांचा राग निवळायची तेवढी वाट बघायची. पण काका रागावलेलेच नव्हते. त्याने एक नाणं खोटं पाडलं होतं आणि त्यापायी काकांची सगळीच खोटी होऊन बसली होती.

त्याने आपलं दातांच्या कामाचं मोठं सूक्ष्मदर्शक उचललं आणि मेव्हण्याला गाडी आणायला सांगितली. गाडीत मागे दोन गाद्या होत्या, त्यांच्या मधोमध ते यंत्र ठेवून नेलं.

काकांनी मान वर केली नाही. "बघ," म्हणाले, आणि एक नाणं सरकवलं. "हे खरं आहे का ते सांग."

"खरं आहे."

"कशावरून?"

"मी खोटं करायला बसलो असतो तर या अक्षरांच्या कोपऱ्यांत फसलो असतो. ओतलेल्या नाण्यात कोपरे बोथट येतात, मग ते कोरून काढावे लागतात आणि कोरल्याचे ओरखडे राहतात. इथे बघा, एकही नाही."

काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "पुढचं घे," ते म्हणाले.

तो दर रविवारी जाऊ लागला. एकेका ट्रेला दोन दोन रविवार लागत. ओतताना राहिलेले बारीक बुडबुडे, कड घासून सपाट केल्याच्या खुणा, औषधाने चढवलेला रंग, आपण स्वतः काय लपवलं असतं ते तो प्रत्येक नाण्यात शोधायचा आणि काकांना दाखवायचा. हळूहळू काका त्याच्या आधी उत्तर देऊ लागले. मग वाद घालू लागले. सुनेने एकदा दारातून डोकावून पाहिलं, तेव्हा दोघं एका नाण्यावरच्या डागावरून हमरीतुमरीवर आले होते. ती निश्चिंत मनाने परत गेली.

जवळजवळ सगळी नाणी खरी निघाली. दोन खोटी निघाली, तीही एकाच जुन्या व्यापाऱ्याकडून घेतलेली. "मला धाकटा भाऊ म्हणायचा मेला," काका म्हणाले, आणि ती दोन्ही त्यांनी खिडकीतून बाहेर फेकून दिली.

तिसरं सापडलं ते अगदी लहान, भूकंपाच्या आधीच्या काळातलं. कवळीवाल्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि तो थांबला. कडेने दोन साच्यांच्या सांध्याची घासलेली शिवण स्पष्ट दिसत होती. त्याने चिठ्ठी पाहिली. काकांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'हिने दिलं.' काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"काय रे? गप्प का?"

खरं म्हणून पुढे सरकवता आलं असतं. काकांच्या डोळ्यांना ती शिवण दिसलीही नसती कदाचित. पण तो इथे कशासाठी येत होता?

"हे ओतलेलं आहे काका."

काकांनी नाणं घेतलं, स्वतः पाहिलं. "कुठल्या तरी दुकानदाराने बनवलं तिला," ते म्हणाले. "मला न सांगता गेली होती. येऊन दुकानदाराशी कशी घासाघीस केली ते दोन दिवस सांगत होती." त्यांना हसू आलं. मग त्यांनी पेन मागितलं, चिठ्ठीवर 'हिने दिलं' याच्यापुढे 'खोटं' असा शब्द लिहिला आणि नाणं परत त्याच्या खळग्यात ठेवलं.

उन्हाळा संपता संपता काकांनी संग्रहालयाला पुन्हा कळवलं. तिथल्या बाई नाणी ताब्यात घ्यायला आल्या. कामात चोख होत्या. एकेक नाणं बघत त्या त्या चिठ्ठीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "हे काढून ठेवू या का? खोटं आहे असं तुम्हीच लिहिलंय."

"काढायचं नाही," काका म्हणाले. "खोटं आहे ते लिहिलंय ना? मग राहू द्या."

बाईंनी कवळीवाल्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. त्या थोडा विचार करून बरं म्हणाल्या आणि पुढच्या नाण्याकडे वळल्या. सगळे ट्रे उतरवून गाडीत ठेवायला संध्याकाळ झाली. शेवटचा ट्रे कवळीवाल्याने जिन्यावरून खाली नेला तेव्हा काका वरून ओरडत होते, "आडवा धर! आडवा! उभा धरलास तर गावचं गाव एका कोपऱ्यात जमा होईल!"